ड्रॅगन फळाची गुणचर्चा



नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकातून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडले, म्हणजे रस्त्यापलीकडे मेन बाजार सुरू होतो. उतारूंसाठी बांधलेली लहानमोठी हॉटेले, कातडी पिशव्या, चांदीची कर्णभूषणे, उदबत्त्या आणि ठशांनी छापलेली कापडे यांनी हा अरुंद रस्ता सदैव गजबजलेला असतो. १९७० च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील तरुण प्रवाशांचे लोंढे येथे उतरू लागले, आणि तेव्हापासून थोडक्या पैशात दिल्ली पाहू इच्छिणाऱ्या परदेशी पांथस्थांचे हे ठरलेले ठिकाण झाले आहे. मराठी माणसाला पहाडगंज ठाऊक आहे ते निराळ्या कारणाने. नूतन मराठी विद्यालय याच वस्तीत आहे, बृहन्महाराष्ट्र भवनही येथेच आहे. आणि केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन दिल्लीला आलेल्या कित्येक कुटुंबांनी आपले पहिले चार दिवस या परिसरात काढलेले आहेत.

येथील फळांच्या गाड्यांवर केळी, पपई, पेरू, मोसंबी ही नित्याची मंडळी तर असतातच. पण त्यांच्या वरच्या अंगाला, पांढऱ्या जाळीच्या टोप्या घातलेली काही पाहुणे फळे मानाने बसविलेली दिसतात. त्यांत किवी असते, ॲव्होकॅडो असते, आणि सर्वांत डोळ्यांत भरते ते ड्रॅगन फळ. गडद गुलाबी रंग, अंगावर हिरव्या टोकांचे सुटे खवले, आकार मोठ्या आंब्याएवढा. कापले की आत पांढराशुभ्र किंवा जांभळटलाल गर, आणि त्यात सब्जाच्या बियांसारखे असंख्य काळे दाणे. हे फळ विकत घेणारे गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एक तो परदेशी पाहुणा, ज्याला त्याचे फारसे अप्रूप नसते. दुसरा गिऱ्हाईक अधिक घाईत असतो आणि भाव करीत नाही. पहाडगंजच्या आसपास लेडी हार्डिंज, कलावती सरन, लोकनायक अशी मोठी रुग्णालये आहेत. तेथे पडलेल्या आपल्या माणसासाठी तो हे फळ नेत असतो, कारण याने रक्त वाढते, प्लेटलेट वाढतात, साखर उतरते, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. आजचे माझे बोलणे मुख्यतः या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी आहे.

प्रथम या फळाची कुळकथा पाहू. ड्रॅगन फळ हे निवडुंगाच्या कुळातील एका वेलीचे फळ होय. दक्षिण मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग ही त्या वेलीची जन्मभूमी. तेथे त्याला पिताया म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी ते व्हिएतनाममध्ये नेले, तेथे त्याची मोठी लागवड झाली, आणि खवल्यांवरून त्याला पुराणातल्या सर्पासुराचे नाव मिळाले. आपल्याकडे १९९० नंतर हौशी लोकांच्या बागांतून ते दिसू लागले. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने त्याचा आकार कमळासारखा असल्याचे सांगून त्याचे नाव ‘कमलम्’ असे ठेवले. त्या नामकरणावर पुष्कळ विनोद झाले. पण आपल्या पूर्वजांनी तरी दुसरे काय केले? पोर्तुगीज गलबतांतून अमेरिकेची दोन फळे आली, त्यांना आपण सीताफळ आणि रामफळ म्हटले, आणि आज त्यांना परदेशी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पेरू एका देशाचेच नाव मिरवीत आला, अननस आपले अमेरिकन नाव घेऊनच आला. एकादशीच्या फराळातील बटाटा, शेंगदाणा, साबुदाण्याचे कंद आणि हिरवी मिरची ही सगळी मंडळी त्याच खंडातील होत. तेव्हा एखादे फळ परके आहे म्हणून ते त्याज्य ठरत नाही. मात्र परके आहे म्हणून ते औषधही ठरत नाही, आणि आपल्या बाजारात सध्या ही दुसरी समजूत अधिक प्रबळ आहे.

या वेलीची आणि आपली एक जुनी ओळख आहे, ती येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. महाराष्ट्रात घरोघरी कुंडीत जिला ‘ब्रह्मकमळ’ म्हणतात, जिचे पांढरे फूल रात्री उमलते आणि ज्यासाठी शेजारपाजारच्या बायका निरांजन घेऊन जमतात, ती वनस्पती खरे पाहता अमेरिकेतील निवडुंगच आहे. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ निराळे. त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. ड्रॅगन फळाची वेल ही या घरगुती ब्रह्मकमळाची अगदी जवळची भाऊबंद. तिचेही फूल मोठे, पांढरे, सुगंधी. तेही रात्री उमलते आणि सकाळी मिटून जाते. मूळ देशी त्याचे परागण वटवाघळे आणि पतंग करतात. फूल मिटल्यावर साधारण महिन्याभरात फळ पिकते.

आता गुणांकडे वळू. शंभर ग्रॅम गर घेतला तर त्यात ८२ ते ८७ ग्रॅम पाणी असते. उरलेल्यात शर्करा आणि इतर पिष्टमय द्रव्ये मिळून ११ ते १५ ग्रॅम, तंतुमय भाग दोन-तीन ग्रॅम, प्रथिने ग्रॅमभर, आणि स्निग्धांश अगदी थोडा. यातून ५० ते ६० कॅलरी मिळतात. मॅग्नेशियम इतर फळांच्या मानाने बरे असते. बियांत थोडे चांगल्या प्रतीचे तेल असते. पण त्या चावल्या गेल्या तरच ते अंगी लागावयाचे, आणि आपण त्या बहुधा गिळून टाकतो. गरात काही अशा शर्करा असतात की ज्या आपल्याला पचत नाहीत, परंतु मोठ्या आतड्यातील उपकारक जंतूंचे त्या खाद्य होतात. तंतू आणि या शर्करा यांमुळे शौचास साफ होण्यास साहाय्य होते. हा गुण खरा आहे, आणि माझ्या मते या फळाचा तोच सर्वांत भरवशाचा गुण आहे. तापातून उठलेल्या, तोंडाला चव नसलेल्या माणसाला हे गार, मऊ, न आंबट असे फळ सहज खाववते, हेही खरे. म्हणजे ते चांगले फळ आहे. एवढ्यावर विक्रेता थांबता तर तक्रारीला जागा नव्हती.

पण त्याचा पहिला दावा ‘क’ जीवनसत्त्वाचा असतो. या जीवनसत्त्वाची गरज प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम इतकी आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये धरली आहे. शंभर ग्रॅम ड्रॅगन फळात ते बहुतेक पृथक्करणांत दहा मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. तेवढ्याच वजनाच्या पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या घरात असते. पपईत चाळीस ते साठ. आवळ्याची गोष्ट तर बोलावयासच नको. फार उदार आकडा धरला तरी पेरूच्या पासंगालाही हे फळ पुरत नाही. आणि हंगामात एका ड्रॅगन फळाच्या किमतीत पेरू किलोभर सहज येतात.

दुसरा दावा रक्त वाढण्याचा. लाल गर पाहून रक्ताची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. बीट, डाळिंब, कोकम यांच्याविषयीही अशीच समजूत असते. परंतु लाल रंग म्हणजे लोह नव्हे. ड्रॅगन फळाचा रंग बीटाच्या रंगाच्या जातीचा असतो आणि त्यात लोहाचा अंशही नसतो. गरात जे किंचित लोह असते ते वनस्पतीतले, आणि असे लोह आपल्या आतड्यात फार थोडे शोषले जाते. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. त्या स्त्रीला दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि त्या खाऊन पोट बिघडते म्हणून ती त्या कपाटात ठेवून देते. गोळीच्या जागी घरच्यांनी महागडे लाल फळ आणून दिले, तर त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही, पण तिचे हिमोग्लोबिन आहे तेथेच राहील. गोळी घ्यावी, बाजरीची भाकरी, पालेभाजी, कडधान्य खाताना वर लिंबू पिळावे किंवा पेरूची फोड खावी, कारण ‘क’ जीवनसत्त्वाने वनस्पतीतील लोह अधिक शोषले जाते, आणि जेवण होताच चहा घेऊ नये, कारण चहा नेमके याच्या उलट करतो.

तिसरा दावा सर्वांत गंभीर आहे, आणि दिल्लीतील रहिवाशाला त्याच्याविषयी अधिक बोलावेसे वाटते. दिल्लीत पावसाळा संपत आला की डेंग्यूचा हंगाम सुरू होतो. कूलरच्या टाकीत, गच्चीवरच्या डब्यात, कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात त्याचा डास वाढतो. १९९६ साली या शहरात डेंग्यूची मोठी साथ आली; दहा हजारांवर लोक आजारी पडले आणि चारशेंहून अधिक दगावले. ती दहशत अजून घराघरांत आहे. साथ आली म्हणजे बकरीचे दूध, पपईची पाने, किवी आणि ड्रॅगन फळ यांचे भाव एकाएकी चढतात. ड्रॅगन फळाची तोडणी आपल्याकडे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चालते, म्हणजे साथीच्या ऐन दिवसांत ते गाडीवर हजर असते. रोगाचा हंगाम आणि फळाचा हंगाम एक पडला, यातूनच हे नाते पुष्कळसे जुळले असावे, असे मला वाटते.

आता रोगाचा क्रम कसा असतो ते पाहा. ताप तीनपासून सात दिवस राहतो. या काळात रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या सूक्ष्म कणिका, कमी होत जातात. निरोगी माणसात त्यांची संख्या एका घनमिलिमीटरला दीड ते साडेचार लाख असते. डेंग्यूत ती लाखाखाली, कधी त्याहूनही पुष्कळ खाली येते. ताप उतरण्याच्या सुमारास खरा धोक्याचा काळ येतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपू लागतो, रक्त दाट होते, रक्तदाब घसरतो. हा काळ एक-दोन दिवसांचा असतो. तो निभावला म्हणजे झिरपणे थांबते आणि प्लेटलेट आपोआप वर चढू लागतात. त्या कशाने चढतात? शरीराच्या स्वतःच्या शक्तीने चढतात. परंतु नेमक्या त्याच वेळी, पाचव्या-सहाव्या दिवशी, घाबरलेल्या नातेवाइकांनी हे फळ आणलेले असते. फळ खाल्ले आणि आकडा वाढला, याला आपल्या शास्त्रकारांनी काकतालीय न्याय म्हटले आहे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ. पपईच्या पानांच्या रसावर काही लहान प्रयोग झाले आहेत आणि त्यांत आकडा थोडा लवकर चढल्याचे आढळले; पण त्याने मृत्यू टळतात असे सिद्ध झालेले नाही, आणि ड्रॅगन फळाच्या बाजूने तर एवढाही पुरावा नाही.

आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याची मुलगी दोन वर्षांपूर्वी या तापाने आजारी पडली. दर भेटीला कोणी ना कोणी हे फळ घेऊन येई, आणि ती बिचारी आग्रहाखातर खाई. सहाव्या दिवशी तिच्या शौचास तांबडा रंग दिसला. घरात रडारड झाली, तिला रात्री अकरा वाजता तातडीने रुग्णालयात नेले. तपासणीत रक्तस्राव आढळला नाही. आदल्या दिवशी खाल्लेल्या तांबड्या गराच्या ड्रॅगन फळाचा तो रंग होता. या फळाचा रंग कित्येकांच्या मूत्रात आणि शौचात उतरतो, जसा बीटाचा उतरतो. एरवी त्यात काही अपाय नाही. पण डेंग्यूत हिरड्यांतून, नाकातून, शौचातून वा ओकारीतून रक्त येणे हे धोक्याचे लक्षण असते. जेथे डॉक्टरला खरा रंग कळला पाहिजे, तेथे आपण आपल्या हाताने खोटा रंग मिसळतो. त्या मुलीच्या बाबतीत रंगाला रक्त समजले गेले, म्हणजे चूक सुरक्षित बाजूची झाली. याच्या उलट, रक्ताला फळाचा रंग समजून कोणी रात्रभर घरीच थांबला तर काय होईल, याचा विचार केलेला बरा. म्हणून डेंग्यूच्या रोग्यास तांबड्या गराचे ड्रॅगन फळ, बीट, कोकम सरबत, गडद रंगाची पेये देऊच नयेत.

मग द्यावे काय? पाणी, मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस, ताक, पेज, शहाळे. थोडे थोडे, वारंवार. तापासाठी डॉक्टरने सांगितलेल्या मात्रेत केवळ पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन वर्ज्य, कारण त्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. पोटात तीव्र दुखणे, सारख्या ओकाऱ्या, कोठूनही रक्त येणे, अस्वस्थता किंवा झापड, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, यांतले एक जरी लक्षण दिसले तरी तडक रुग्णालय गाठावे. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. रोग्याला भेटावयास जाताना मोकळ्या हाताने जाणे आपल्याला अवघड वाटते, हे मी जाणतो. त्याने दोन शहाळी न्यावीत.

मधुमेहाविषयी थोडक्यात. या फळावर काही मानवी प्रयोग झाले आहेत आणि २०१७ साली त्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांत उपाशीपोटीची साखर काहीशी उतरलेली दिसली. ज्यांना मधुमेह जडलेला आहे त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. प्रयोग थोडे आणि लहान होते. तेव्हा मधुमेही माणसाने जेवणातील फळाच्या वाट्यात अर्धे ड्रॅगन फळ खाण्यास हरकत नाही, पण त्यासाठी औषधाची गोळी सोडू नये. मेन बाजारात याचा जो साखर घातलेला, गुलाबी रंगाचा पेला मिळतो, त्यात तंतू थोडे आणि साखर फार. तो फळाचा वाटा म्हणून धरू नये. ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत आणि ज्यांना पोटॅशियम मोजून खाण्यास सांगितले आहे, त्यांनी हे किंवा कोणतेही फळ वैद्याच्या सल्ल्यानेच खावे.

इतके बोलल्यावर कोणी म्हणेल की हा मनुष्य या फळाचा वैरी दिसतो. तसे नाही. या फळाचा सर्वांत मोठा उपकार रोग्यावर नसून दुष्काळी शेतकऱ्यावर आहे. निवडुंगाची जात असल्यामुळे ही वेल दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडून हवा आत घेते. त्यामुळे तिच्यातून पाण्याची वाफ फार थोडी जाते. ऊस किंवा द्राक्षे यांच्या तुलनेत तिला लागणारे पाणी अल्प. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने मुरमाड, खडकाळ जमिनीत ही वेल वाढवून तिचा अभ्यास केला आहे. सांगली जिल्ह्यात सिमेंटचे खांब, खांबाच्या माथ्यावर कडे, आणि प्रत्येक खांबाला चार वेली अशा बागा उभ्या राहिल्या आहेत. त्याच जिल्ह्यातील तडसर गावची फळे जून २०२१ मध्ये दुबईला निर्यात झाली. खांब उभारण्यास आरंभीच एकरी काही लाखांचे भांडवल लागते, मात्र बाग वीस वर्षांपर्यंत टिकते. वैशाखातील उन्हाने वेली भाजतात, तेवढी काळजी घ्यावी लागते. मला भीती वाटते ती या शेतकऱ्यासाठीच. ज्या मालाचा भाव प्लेटलेटच्या अफवेवर चढलेला आहे, तो अफवा ओसरताच पडणार, आणि तेव्हा खांबांचे कर्ज मात्र तसेच उभे राहणार. फळ म्हणून, रोज परवडेल अशा भावात विकले गेले तरच या बागा दीर्घकाळ तगतील.

राहता राहिले खाण्याविषयी. हे फळ झाडावरून तोडल्यानंतर पिकत नाही. म्हणजे आंब्यासारखे अढीत घालून उपयोग नाही. लांबून, जहाजाने वा विमानाने आलेले फळ पुष्कळदा लवकर तोडलेले असते आणि म्हणून पचपचीत लागते. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आपल्याकडचे फळ मिळते, तेच घ्यावे. साल सर्वत्र सारख्या रंगाची, खवल्यांची टोके ताजी, आणि अंगठ्याने दाबले असता किंचित दबणारे फळ पारखून घ्यावे. फार मऊ झालेले किंवा देठाशी काळे पडलेले नको. घरी आल्यावर धुऊन उभे कापावे, चमच्याने गर काढावा, हवा तर वर लिंबाचे दोन थेंब आणि चिमूटभर काळे मीठ टाकावे. बिया चावून खाव्यात. मुलांना देताना तांबड्या गराचे असेल तर पांढरे सदरे आधी काढून ठेवावेत, कारण त्याचा डाग सहजी जात नाही.